कुंडलिकेचे पाणी आणि शर्यतीची नावनोंदणी

वेगवान पाण्यातल्या होड्यांच्या शर्यतीत किती जणांना उतरता येईल, हे पाणी किती तास वाहणार यावर ठरते. नावनोंदणीची मुदत, प्रवेश शुल्क, प्रतीक्षा यादी, माघार घेणाऱ्याला पैसे परत द्यायचे की नाही, हे सगळे नियम त्या तासांच्या मागून येतात. महाराष्ट्रात पाण्याची ही घड्याळी शिस्त सर्वांत ठळकपणे दिसते ती रायगड जिल्ह्यात, रोहे शहर आणि त्याला चिकटून वाढलेले वरसे ज्या कुंडलिकेच्या खोऱ्यात आहेत तिथे.

कोकणातल्या बहुतेक नद्या पावसाळ्यात दुथडी भरून वाहतात आणि होळीनंतर डोहापुरत्या उरतात. सह्याद्री आणि समुद्र यांच्यातले अंतर थोडे, उतार तीव्र, त्यामुळे पडलेले पाणी चार महिन्यांत रेवदंड्याच्या किंवा राजपुरीच्या खाडीला मिळून मोकळे होते. कुंडलिका मात्र एप्रिल–मे महिन्यांतही सकाळच्या वेळी खळाळत असते. हे पाणी मुळात तिचे नाही. ते घाटमाथ्यापलीकडच्या मुळशीचे आहे. एरवी ते मुळा, भीमा, कृष्णा असे पूर्वेकडे जाऊन बंगालच्या उपसागराला मिळाले असते. ते डोंगर फोडून पश्चिमेला वळवले गेले आणि अरबी समुद्राच्या वाट्याला आले.

हे वळवणे टाटांच्या जलविद्युत योजनांचा भाग होते. मुंबईच्या कापड गिरण्या कोळशावर चालत. कोळसा दुरून आणावा लागे आणि धुराने शहर काळवंडे. घाटमाथ्यावरचा प्रचंड पाऊस अडवून सुमारे पाचशे मीटर खाली कोकणात सोडला तर त्यावर वीज करता येईल, ही त्यामागची कल्पना. खोपोलीचे केंद्र १९१५ मध्ये सुरू झाले, भिवपुरीचे १९२२ मध्ये आणि भिऱ्याचे १९२७ मध्ये. भिऱ्यासाठी मुळशीला धरण बांधायचे ठरले तेव्हा मावळातली पन्नासहून अधिक गावे आणि त्यांची भातखाचरे पाण्याखाली जाणार होती. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांचे नाव त्याच्याशी कायमचे जोडले गेले. सत्याग्रह १९२४ पर्यंत चालला आणि हरला, धरण झाले. कुंडलिकेत आज होडी लोटणाऱ्या माणसाच्या खाली वाहणारे पाणी त्या बुडालेल्या खाचरांवरून आलेले असते, आणि त्या पाण्याच्या इतिहासातून ही गोष्ट वगळता येत नाही.

वीजकेंद्रातून बाहेर पडणारे पाणी वाया जाऊ न देता पुढेही वापरले गेले. भिऱ्याच्या मूळ केंद्राखाली, त्याच्याच अवजल कालव्याच्या पाण्यावर, ऐंशीच्या दशकात ८० मेगावॉटचे दुसरे केंद्र उभे राहिले. त्याच्याही खाली कोलाडजवळ डोलवहाळचा बंधारा आहे. तिथून कालव्यांनी शेतीला पाणी जाते. धाटावच्या औद्योगिक वसाहतीतील रासायनिक कारखाने याच नदीवर अवलंबून आहेत. म्हणजे एकाच पाण्याला वीज, शेती, कारखाने, पिण्याच्या पाण्याच्या योजना असे चार मालक आधीच होते. होडी घेऊन आलेला माणूस पाचवा आणि सर्वांत उशिरा आलेला. त्याला पाण्याची वेळ ठरवण्याचा अधिकार कधीच मिळाला नाही. टर्बाइन फिरले की पाणी येणार, थांबले की नदी उतरणार. मुंबईला वीज केव्हा लागते यावर कोलाडचा प्रवाह अवलंबून राहिला.

या शतकाच्या पहिल्या दशकात कोलाडला रबरी तराफ्यांतून नदी उतरण्याचा, म्हणजे राफ्टिंगचा, व्यवसाय उभा राहिला. मुंबई आणि पुण्याहून तीन-चार तासांत पोचता येते, नदीचा पट्टा बारा-चौदा किलोमीटरचा आणि प्रवाह दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीचा, म्हणजे नवख्याला घाबरवणारा पण सहसा न बुडवणारा. हृषीकेशला पावसाळ्यात गंगेवरचे राफ्टिंग बंद असते, तेव्हा इथे हंगाम ऐन भरात असतो. त्याच पाण्यावर कयाक ही छोटी होडी चालवायला शिकवण्याचे वर्गही सुरू झाले. मात्र पाणी सकाळी सुटते आणि काही तासांत ओसरते, म्हणून दिवसाला साधारण एकच फेरी. शनिवार-रविवारी मागणी दुप्पट झाली तरी दुपारची दुसरी फेरी काढता येत नाही, कारण दुपारी नदीच नसते. त्यामुळे इथल्या आयोजकांना सुरुवातीपासून आगाऊ नोंदणी, काही रक्कम आधी व उरलेली काठावर, आणि रद्द केल्यास किती दिवस आधी किती पैसे परत, असे नियम करावे लागले. हॉटेलवाल्याला रिकामी खोली रात्री उशिरा आलेल्या पाहुण्याला देता येते. सकाळी आठला सुटलेले पाणी दहाला आलेल्या माणसासाठी थांबवता येत नाही.

हीच अडचण कॅनू स्लॅलम या खेळात आणखी तीव्र होते. राफ्टिंगमध्ये दहा तराफे एकामागोमाग सोडले तरी चालते. स्लॅलममध्ये एका वेळी एकच होडी घड्याळाशी स्पर्धा करते. प्रवाहावर दोऱ्यांना टांगलेल्या खांबांच्या जोड्यांमधून, म्हणजे दारांमधून, तिला क्रमाने जावे लागते. दारे १८ ते २५ असतात. त्यांपैकी किमान सहा प्रवाहाच्या उलट दिशेने पार करायची असतात. हिरवे-पांढरे खांब प्रवाहाबरोबर, लाल-पांढरे प्रवाहाविरुद्ध. खांबाला वल्हे, होडी किंवा अंग लागले तर वेळेत २ सेकंद मिळवले जातात, दार चुकले तर ५०. बर्फावरच्या स्लॅलमची कल्पना पाण्यावर आणून १९३३ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये पहिली अशी शर्यत झाली. पहिले जागतिक अजिंक्यपद १९४९ मध्ये जिनिव्हाला. ऑलिंपिकमध्ये हा खेळ १९७२ मध्ये आला. म्यूनिक ऑलिंपिकसाठी आउग्सबुर्ग येथे त्याकरिता मुद्दाम कृत्रिम प्रवाह बांधला होता. नंतर वीस वर्षे खेळ ऑलिंपिकबाहेर राहिला आणि १९९२ मध्ये बार्सिलोनात परतला.

संयोजकाचे गणित या रचनेतून सरळ निघते. समजा धरणातून तीन तास पाणी मिळणार आहे. दीड मिनिटाला एक होडी सोडली तर तीन तासांत १२० फेऱ्या बसतात. प्रत्येकाला दोन फेऱ्या देण्याचा प्रघात आहे, म्हणजे ६० होड्या. त्यातून सुरुवातीच्या प्रात्यक्षिक फेऱ्या, एका गटातून दुसऱ्या गटाकडे जाताना लागणारा वेळ, उलटलेल्या होडीची सुटका, वाऱ्याने वा धक्क्याने अडकलेला खांब पुन्हा लटकवणे, एवढे वजा केले की पन्नासच्या आसपास आकडा उरतो. त्यात एकच माणूस कयाकमध्येही उतरतो आणि दोन्ही गुडघ्यांवर बसून एकपाती वल्ह्याने चालवायच्या कॅनूमध्येही उतरतो. त्याची माणूस म्हणून गणती एक, पण नावनोंदणीत जागा दोन. शिवाय पहिली होडी संपवून काठाने चालत वर येऊन दुसऱ्या होडीत बसायला त्याला वेळ हवा, म्हणून त्याचे दोन क्रमांक जवळजवळ ठेवता येत नाहीत. हौशी स्पर्धेच्या चिटणिसाचा बराचसा वेळ अशा आठ-दहा नावांची जुळवाजुळव करण्यात जातो. बाकीची यादी आपोआप तयार होते.

मुळशी आणि कुंडलिकेच्या नात्यासारखेच एक नाते वेल्समध्ये आहे. लिव्हरपूल शहराला पाणी देण्यासाठी ट्रिवेरिन नदीवर धरण झाले आणि १९६५ मध्ये कॅपेल केलिन हे वेल्श भाषक गाव त्याखाली बुडाले. विरोध तिथेही झाला आणि तिथेही हरला. लिव्हरपूलच्या नगरपालिकेने त्याबद्दल २००५ मध्ये माफी मागितली. धरणाखालची नदी मात्र उन्हाळ्यातही वाहू लागली, कारण खालच्या शहरांसाठी पाणी सोडणे भाग होते. १९८१ मध्ये बाला गावाजवळ त्याच पाण्यावर स्लॅलमचे जागतिक अजिंक्यपद झाले आणि पुढे तिथे राष्ट्रीय केंद्र उभे राहिले. ब्रिटनच्या हौशी स्लॅलमपटूंची वार्षिक दिनदर्शिका बऱ्याच अंशी अशा सोडलेल्या पाण्याच्या तारखांभोवती लागते. शर्यतीचा दिवस ठरला तरी पाणी देणाऱ्या संस्थेने तो मान्य करावा लागतो. एकदा मान्य झालेला दिवस पुढे ढकलता येत नाही.

ब्रिटनमध्ये नावनोंदणीची जी पद्धत रुजली तिचा पाया श्रेणी हा होता. नवखा खेळाडू सर्वांत खालच्या चौथ्या श्रेणीत सुरुवात करतो, गुण मिळवत वर चढतो आणि शेवटी सर्वोच्च श्रेणीत पोचतो. शर्यत ठराविक श्रेणींसाठी जाहीर होते, म्हणून गर्दीची पहिली चाळण अर्ज येण्याआधीच लागलेली असते. अर्ज आणि धनादेश टपालाने संयोजकाच्या घरच्या पत्त्यावर जात. मुदतीनंतर आलेल्या अर्जाला जादा शुल्क, आणि जागा उरली असेल तरच प्रवेश. संयोजक म्हणजे बहुधा एखाद्या क्लबचा सभासद. दिवसा नोकरी आणि रात्री जेवणाच्या टेबलावर लिफाफे. प्रत्येक दाराशी पंच लागतात, आणि हौशी स्पर्धेत त्यांना पगार परवडत नाही; म्हणून भाग घेणाऱ्या क्लबांनीच पंच पुरवायचे. शुल्क भरून सुटका होत नाही, काठावर उभे राहून दुसऱ्यांच्या चुकाही मोजाव्या लागतात. हौशी खेळाची खरी किंमत पैशांपेक्षा या उभे राहण्यात जास्त असते असे म्हटले तर चुकीचे होणार नाही.

भारतात रस्ता वेगळा निघाला. इंडियन कयाकिंग अँड कनोइंग असोसिएशन १९८५ मध्ये स्थापन झाली आणि इतर खेळांप्रमाणे इथेही प्रवेश व्यक्तीचा न राहता राज्याचा झाला. राष्ट्रीय स्पर्धेला खेळाडू स्वतः अर्ज करत नाही. राज्य संघटना त्याचे नाव पाठवते आणि प्रत्येक राज्याला प्रत्येक प्रकारात ठराविकच होड्या मिळतात. जास्त इच्छुक असतील तर त्यांचा निकाल राज्याच्या निवड चाचणीत लागतो. त्यामुळे राष्ट्रीय पातळीवरच्या संयोजकाला प्रतीक्षा यादीची डोकेदुखी फारशी नसते. ती राज्याच्या पदाधिकाऱ्यांकडे सरकते, आणि तिथे निवडीच्या निकषांवरून वाद होतात. देशातल्या स्लॅलमचे प्रमुख ठिकाण मध्य प्रदेशात महेश्वरजवळ नर्मदेवर सहस्रधारा येथे आहे. काळ्या कातळातून फुटलेल्या अनेक धारांमुळे तिथे प्रवाह आपोआपच दाराजोगा विभागला जातो. अहिल्याबाई होळकरांची ही राजधानी मराठी माणसाला परकी नाही. २०२३ च्या सुरुवातीला मध्य प्रदेशात भरलेल्या खेलो इंडिया युवा स्पर्धांतील स्लॅलम तिथेच झाली. महेश्वरच्या वरच्या बाजूला ओंकारेश्वरचे धरण आहे, तेव्हा पाण्याच्या वेळेचे भान तिथेही ठेवावेच लागते. केरळमध्ये कोळिकोडजवळ २०१३ पासून भरणाऱ्या मलबार नदी महोत्सवाचा मार्ग उलटा: पावसाळ्याच्या नैसर्गिक पुरावर शर्यत, व्यक्तिगत प्रवेश, देशी-विदेशी खेळाडू एकाच यादीत.

राज्यवार कोट्यासारखी मर्यादा सर्वोच्च पातळीवर देशांनाही असते. जागतिक अजिंक्यपदाला एका देशाला एका प्रकारात तीन होड्या उतरवता येतात, तर ऑलिंपिकला सहसा एकच. पॅरिसला २०२४ मध्ये स्लॅलमच्या सर्व प्रकारांत मिळून ८२ खेळाडूंनाच जागा होती. चौथ्या क्रमांकाचा फ्रेंच किंवा चेक कयाकपटू जगातल्या बहुसंख्य देशांच्या पहिल्या क्रमांकापेक्षा सरस असूनही घरी बसतो. यात अन्याय आहे, पण तो आधीच छापून जाहीर केलेला आणि सर्वांना सारखा लागू असलेला अन्याय आहे, म्हणून खेळाडू तो पचवतात.

महाराष्ट्रात एकट्याने घड्याळाशी झुंजण्याची आणि त्यासाठी रांग लावण्याची सवय नदीपेक्षा घाटात जुनी आहे. पुणे जिल्ह्यातल्या खेड, आंबेगाव, जुन्नर, मावळ या भागांत गावच्या यात्रेला होणारी बैलगाडा शर्यत रचनेने स्लॅलमची सख्खी बहीण म्हणावी अशी आहे. घाटातून एका वेळी एकच बारी सुटते, वेळ सेकंदात मोजली जाते आणि सर्वांत कमी वेळेचा गाडा ‘घाटाचा राजा’ ठरतो. सूर्य मावळेपर्यंत जितक्या बाऱ्या बसतील तितक्याच. पाण्याच्या तासांची जागा इथे उजेडाने घेतली आहे. सातारा–सांगलीकडे मैदानात चाकोऱ्यांमधून, म्हणजे तासांतून, अनेक गाड्या शेजारीशेजारी पळतात. गट, सेमी, फायनल अशी चढती शिडी असते आणि कोणाला कोणते तास मिळणार ते चिठ्ठ्या टाकून ठरते. अलिबाग–मुरुडच्या बाजूला हीच शर्यत ओहोटीच्या वेळी ओल्या वाळूवर होते, आणि तिथे तर भरतीचे वेळापत्रक संयोजकाच्या डोक्यावर असतेच.

सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी या शर्यतींवर बंदी घातली, १६ डिसेंबर २०२१ रोजी महाराष्ट्राला अटींवर परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. सात वर्षे थांबलेले गाडे एकदम बाहेर पडले आणि यात्रा कमिट्यांना मागणी आवरेना. टोकन वाटणे, जास्त नावे आल्यास चिठ्ठ्या काढणे, एकाऐवजी तीन-चार दिवस शर्यत ठेवणे, मानाच्या गाड्यांना राखीव बाऱ्या देणे, असे उपाय पुढे आले. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, अनामत रक्कम आणि चित्रीकरण ही कायद्याची अट झाल्यावर तोंडी चालणारा कारभार कागदावर आला. चिठ्ठी सर्वांसमोर काढायची, शक्यतो लहान मुलाच्या हातून, हा गावचा जुना रिवाज मात्र कोणत्याही नियमावलीपेक्षा जास्त भांडणे टाळतो.

शहरांत हेच दडपण धावण्याच्या शर्यतींनी आणले. मुंबई मॅरेथॉन २००४ मध्ये सुरू झाली, सातारा हिल हाफ मॅरेथॉन २०१२ मध्ये. यवतेश्वरच्या घाटातला रस्ता अरुंद, म्हणून साताऱ्याला संख्या मर्यादित ठेवावी लागते आणि नोंदणी उघडली की थोड्याच वेळात ती भरते. मुंबईने पूर्ण मॅरेथॉनसाठी पूर्वीच्या वेळेचे प्रमाणपत्र मागणे, समाजकार्यासाठी निधी जमवणाऱ्यांना वेगळ्या जागा ठेवणे असे मार्ग वापरले. या सगळ्यांत पहिला येईल तो पहिला हा नियम वरून सर्वांत न्याय्य दिसतो. प्रत्यक्षात तो रात्री बारा वाजता वेगवान इंटरनेट असलेल्याला मिळणारी सवलत ठरतो. टपालाच्या काळात हीच सवलत संयोजकाच्या शहरात राहणाऱ्याला मिळे, कारण त्याचे पत्र आधी पोचे.

पैशांचा प्रश्न नावांपेक्षा किचकट. कोणत्याही हौशी स्पर्धेच्या खजिनदाराला ठाऊक असते की अर्ज करणारे सगळे येत नाहीत आणि येणाऱ्या सगळ्यांनी पैसे भरलेले नसतात. म्हणून शुल्क जमा झाल्याशिवाय नाव यादीत नाही, हा नियम जवळपास सगळीकडे दिसतो. मनीऑर्डर आणि ‘मुंबई येथे देय’ डिमांड ड्राफ्टच्या दिवसांत हा नियम पाळणे सोपे होते, कारण ड्राफ्ट अर्जालाच टाचलेला असे. परगावचा धनादेश वटायला आठवडे लागत, म्हणून तो बहुधा नाकारला जाई. बँकेत परस्पर रक्कम भरण्याची सोय झाली तेव्हा नवा घोळ सुरू झाला: खात्यात पैसे आले, पण कोणाचे ते कळेना, भरणाऱ्याने नाव वडिलांचे लिहिलेले, अर्ज मुलाचा. २०१६ मध्ये यूपीआय आल्यावर रक्कम क्षणात पोचू लागली आणि ताळमेळही क्षणात लागावा अशी अपेक्षा वाढली. आता संगणक अर्जदारासाठी जागा काही मिनिटे अडवून ठेवतो. तेवढ्यात पैसे आले नाहीत तर ती पुन्हा खुली होते. पैसे खात्यातून गेले पण वेळ संपल्यानंतर पोचले, अशी प्रकरणे त्यातूनच उद्भवतात, आणि ती शेवटी कोणातरी माणसाला हातानेच निस्तरावी लागतात.

शुल्कात नेमके कशाचे पैसे असतात? पंचांचा चहा-नाश्ता, बचाव पथक, रुग्णवाहिका, विमा, वेळ मोजणारी यंत्रणा, छातीवरचे क्रमांक आणि पदके, हे दिसणारे खर्च. काही ठिकाणी खुद्द पाण्याचीही किंमत असते. अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या ओकोई नदीची कथा या बाबतीत फार बोलकी आहे. तिचे पाणी लाकडी कालव्याने वीजकेंद्राकडे नेलेले होते, म्हणून नदीचे पात्र कोरडे असे. १९७६ मध्ये कालवा मोडकळीस आल्याने बंद झाला, पात्रात पाणी परतले आणि त्यावर राफ्टिंगचा व्यवसाय वाढला. कालवा दुरुस्त झाल्यावर वीज मंडळाला पाणी परत हवे होते. अखेर वर्षातले ११६ दिवस नदीत पाणी सोडायचे आणि बुडणाऱ्या विजेची भरपाई करायची असा ३५ वर्षांचा करार झाला. भरपाईचा भाग राफ्टिंगला येणाऱ्या प्रत्येक ग्राहकाच्या शुल्कातून वसूल होई. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकची स्लॅलम त्याच नदीच्या वरच्या भागात झाली. कुंडलिकेवर पाणी विजेसाठी सुटतेच, म्हणून होडीवाल्याला त्याची वेगळी किंमत पडत नाही. पण त्याला ते मागण्याचा हक्कही मिळत नाही.

माघार हा या सगळ्या व्यवस्थेचा सर्वांत नाजूक भाग. यादी जाहीर होण्याआधी घेतलेली माघार निरुपद्रवी असते: प्रतीक्षा यादीतल्या पुढच्याला कळवायचे, त्याचे शुल्क घ्यायचे, आधीच्याचे थोडी रक्कम कापून परत करायचे. क्रम ठरून यादी छापल्यानंतरची माघार वेगळी. स्लॅलममध्ये प्रत्येक होडीच्या सुटण्याची वेळ ठरलेली असते. मधला खेळाडू आला नाही तर ते दीड मिनिट रिकामे वाहून जाते. पुढच्यांना अलीकडे ओढावे तर ते अजून काठावर हेल्मेट चढवत असतात. म्हणून आंतरराष्ट्रीय नियम कडक आहेत: एकदा घेतलेली माघार अंतिम, त्याच खेळाडूला पुन्हा प्रवेश नाही आणि भरलेले पैसे परत नाहीत. आपल्या जागी मित्राला उतरवण्याचीही मुभा नसते, कारण गुण, क्रमवारी आणि विमा हे सगळे नावाशी बांधलेले असते. मॅरेथॉनमध्ये दुसऱ्याचा बिब, म्हणजे छातीवरचा क्रमांक, लावून पळणाऱ्यांना बाद करतात तेही याच कारणाने; शिवाय कोणी रस्त्यात कोसळला तर बिबामागे लिहिलेला रक्तगट आणि घरचा दूरध्वनी भलत्याच माणसाचा निघतो.

फार स्वस्त किंवा फुकट प्रवेशात माघारीचा त्रास सर्वांत जास्त होतो. नाव देऊन ठेवायला काही लागत नाही, म्हणून सगळे देऊन ठेवतात आणि शर्यतीच्या सकाळी निम्मे अंथरुणातून उठत नाहीत. याचे टोक अमेरिकेतल्या ग्रँड कॅनियनमध्ये गाठले गेले. तिथल्या कोलोरॅडो नदीतून खाजगी सहलीने उतरण्यासाठी परवाना लागतो. परवान्याची प्रतीक्षा यादी इतकी लांबली की नव्याने नाव घालणाऱ्याला वीस वर्षांहून अधिक थांबावे लागले असते. तरुणपणी नाव घालावे आणि गुडघे दुखू लागल्यावर परवाना हाती यावा, असा प्रकार. २००६ मध्ये यादी मोडून सोडत सुरू केली गेली; पण ती निव्वळ नशिबावर सोडली नाही. जितकी वर्षे माणूस नदीवर गेलेला नाही तितक्या त्याच्या चिठ्ठ्या वाढतात, पाचपर्यंत. सोडतीत नाव निघाले की अनामत भरावी लागते आणि रद्द केल्यास ती जाते. रद्द झालेल्या तारखा पुढच्या छोट्या सोडतींत पुन्हा घातल्या जातात. थांबणाऱ्याचा हक्क आणि नशीब या दोन्हींना जागा देणारी ही तडजोड गर्दी झालेल्या इतर कितीतरी स्पर्धांना लागू पडण्याजोगी आहे.

माघार संयोजकाकडूनही होते, आणि तेव्हा नियमांची खरी परीक्षा लागते. कुंडलिकेवर भिऱ्याची यंत्रे दुरुस्तीसाठी थांबली किंवा विजेची मागणी घटली तर सकाळी पाणी येत नाही. जुलैच्या मुसळधार पावसात ते इतके येते की नदीत उतरणे धोक्याचे होते. दोन्ही दिवशी फेरी रद्द. अशा वेळी बहुधा दुसरी तारीख देऊ केली जाते, आणि ती नको असल्यास रक्कम परत. स्पर्धेला ही सोय नसते. पन्नास खेळाडू, वीस पंच आणि त्यांच्या सुट्ट्या दुसऱ्या रविवारी पुन्हा जुळत नाहीत. एक फेरी झाल्यावर पाणी थांबले तर झालेल्या फेरीवरच निकाल लावला जातो. एकही झाली नाही तर छापलेल्या पत्रकातला बारीक अक्षरांतला मजकूर कामाला येतो: बचाव पथक, भाड्याच्या दोऱ्या-खांब आणि विम्यावर झालेला खर्च वजा करून उरलेली रक्कम भाग घेणाऱ्यांत सारखी वाटायची. ती वाटणी सहसा शुल्काच्या निम्म्याहूनही कमी भरते, आणि बरेच क्लब ती परत न घेता पुढच्या वर्षीच्या नोंदणीत जमा धरायला सांगतात.